नर्मदेवरची लेखकाची सही असलेली पुस्तकं जमवतोय, जुन्या कॉपीवरची सही खरी की खोटी कसं ओळखायचं?

रेवाकाठी

नमस्कार मंडळी, नर्मदे हर!

नर्मदेकाठचा मुलूख हा माझा जीव की प्राण आहे. ओंकारेश्वर, महेश्वर, भेडाघाट, अमरकंटक, सुट्टी मिळाली की पाय तिकडेच वळतात, परिक्रमा पण टप्प्याटप्प्याने चालू आहे. त्यातून हा नाद लागला, नर्मदेवरची पुस्तकं जमवायची आणि शक्यतो लेखकाची सही असलेली. आपल्या मराठीत तर नर्मदा परिक्रमेवर किती लिहिलंय लोकांनी, गोनीदांची (गो. नी. दांडेकर) 'कुणा एकाची भ्रमणगाथा', कुंट्यांचं 'नर्मदे हर हर', भारती ठाकूर यांचं 'नर्मदा परिक्रमा एक अंतर्यात्रा', शिवाय स्वतः छापून घेतलेली छोटी छोटी पुस्तकं वेगळीच. सही मला का हवी तर ज्या माणसाने ते पाणी ओंजळीत घेतलं, ते काठ पायी तुडवले, त्याचा हात त्या पानाला लागलेला असतो. मला हे फार मोठं वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. पुण्यात एका जुन्या पुस्तकवाल्याकडे 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ची जुनी कॉपी आलीये, आत निळ्या शाईत सही आहे, वर कुणा बाईंचं नाव, खाली 'सप्रेम', तारीख नाही. नेहमीच्या जुन्या कॉपीपेक्षा बराच जास्त भाव सांगतोय, रविवारपर्यंत ठेवतो म्हणालाय. तर

सही खरी आहे का हे घरगुती पातळीवर कसं तपासायचं? दुसऱ्याच्या नावाने लिहून दिलेली कॉपी आपण घ्यावी का, की ते कुणाच्या तरी घरातलं खाजगी काहीतरी उचलल्यासारखं होतं? आणि तिसरं म्हणजे मी ठाण्यात राहतो, पावसाळ्यात कपाटात बुरशी येते, त्यावर काय करता तुम्ही लोक?

जुनी_पानं

रविवारच्या आत लिहितो म्हणून जरा भराभर.

सगळ्यात आधी सही बघू नका, सहीच्या मागचं पान बघा, म्हणजे आवृत्तीची माहिती असते ते. गोनीदा १ जून १९९८ ला गेले. पुनर्मुद्रण त्यानंतरचं असेल आणि त्यावर सही असेल तर विषय तिथेच संपला, भाव विचारायची पण गरज नाही. हेच नर्मदेकाठी पायी फिरून हिंदी-गुजरातीत लिहिणाऱ्या अमृतलाल वेगड यांच्या बाबतीत, ते ६ जुलै २०१८ ला गेले आणि त्यांची पुस्तकं अजून छापली जातात. आवृत्ती जुनी निघाली तर सही खरी असू शकते एवढंच कळतं, जास्त काही नाही.

मग भिंग घेऊन जा. पुष्कळ पुस्तकांत प्रस्तावनेखाली लेखकाची सही छापलेली असते आणि विकणारा बिचारा खरंच तिला हाताची सही समजतो. छापील सहीत रेघ सगळीकडे सारखी काळी दिसते, शाई कुठे दाट कुठे विरळ असं होत नाही, आणि पान उलटून मागून बोट फिरवलं तर काही जाणवत नाही. बॉलपेनने केली असेल तर मागे हलका उठाव लागतो. शाईपेनची असेल तर उठाव लागेलच असं नाही, पण जुन्या कागदात शाई थोडी पसरते आणि अक्षराच्या कडा केसाळ दिसतात, कधी मागच्या पानावर सावली उतरलेली असते.

नक्कल केलेली सही ओळखायला वेग बघायचा. स्वतःची सही माणूस झरकन करतो, शेवटची रेघ उचलताना बारीक होत जाते. दुसऱ्याची सही 'काढणारा' हळू जातो, त्यामुळे रेघ थरथरते, मध्येच पेन टेकवून थांबल्याचे ठिपके दिसतात, शेवट बोथट येतो. आणि ताडून बघायला नमुना घेताना त्याच काळातला घ्या, चाळिशीतली सही आणि सत्तरीतली सही एकाच माणसाची असून वेगळी दिसते. गौरवग्रंथात, पत्रसंग्रहात हस्ताक्षराचे फोटो छापलेले असतात, ते मोबाइलवर घेऊन जा.

दुसऱ्याच्या नावाची कॉपी बिनधास्त घ्या. उलट मी म्हणेन नाव असलेली जास्त भरवशाची, कारण खोटी सही करणारा सहसा नुसती सही करून मोकळा होतो, जितकं जास्त लिहील तितका पकडला जाण्याचा धोका. ते नाव खोडू नका, त्यावर लेबल चिकटवू नका, कुठून घेतली कधी घेतली ते एका वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून आत ठेवा. पुढे ती कॉपी ज्याच्या हातात जाईल त्याला हा धागा लागतो.

अनुपमा_क

नाव खोडू नका याला माझे दोन्ही हात वर! माझ्या सासऱ्यांच्या पुस्तकांत एका पुस्तकावर लेखकाने त्यांच्या मोठ्या भावाच्या नावाने लिहून दिलंय, ते काका आम्ही कुणी पाहिले पण नाहीत, पण ते पान उघडलं की घरात त्यांचा विषय निघतोच. परक्या घरातून आलेलं असलं तरी तुम्ही ते सांभाळताय ना, मग झालं.

वाटसरू_उत्तरतट

नर्मदे हर! मी जरा वेगळं सांगतो.

मी परिक्रमेला निघालो तेव्हा झोळीत एक मराठी परिक्रमेचं पुस्तक होतं, वजन नको म्हणून बाकी सगळं काढलं पण ते ठेवलं. आश्रमात, धर्मशाळेत आपण वहीवर शिक्के घेतो ना, तसे मी त्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर घेत गेलो. जांभळे गोल शिक्के, काही तिरके, एकावर ओल लागून अर्धी अक्षरं फिसकटलेली, तो विमलेश्वरचा, तिथून नावेने समुद्र ओलांडून मिठीतलाईला जायचं होतं त्याच्या आदल्या संध्याकाळचा. नंतर परत आल्यावर एका कार्यक्रमात त्याच पुस्तकावर लेखकाची सही घेतली. त्यांनी आधी ती शिक्क्यांची पानं सगळी सावकाश उलटली, दोन ठिकाणी बोट ठेवून 'इथे आता कोण असतं?' विचारलं आणि मग सही केली. माझ्या कलेक्शनमधलं हे एक पुस्तक मी कुणाला हातात पण देत नाही.

म्हणून माझं मत, नुसती विकत घेतलेली सही आणि आपण चालून आणलेलं पुस्तक यात फरक आहे. रेवाकाठी, तुमची परिक्रमा टप्प्याटप्प्याने चालू आहे तर पुढच्या टप्प्याला एखादी कॉपी बरोबर न्याच.

जुनी_पानं

वाटसरू, तुमचं पुस्तक बघायला आवडेल मनापासून. पण सगळ्यांना सल्ला म्हणून मी हे देणार नाही. शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई पाण्यात विरघळते आणि दमट हवेत समोरच्या पानावर उतरते, सहीचं पान जवळ असेल तर त्यालाही लागते. सही घेतलेली किंवा घ्यायची कॉपी घरी ठेवा, रस्त्यावर दुसरी साधी कॉपी न्या. गोनीदांची सही असलेली कॉपी झोळीत घालून कुणी निघालं तर माझा जीव कासावीस होईल.

वाटसरू_उत्तरतट

जुनी कॉपी न्या असं मी म्हणतच नाहीये, ती घरातच ठेवायची. नवी, आपल्या पैशाने घेतलेली, हयात लेखकाची कॉपी न्या. शाईचं म्हणाल तर शिक्क्यांच्या पानांमध्ये बटर पेपर घालून ठेवलाय, अजून तरी कुठे उतरलेली नाही.

ग्रंथपाल_निवृत्त

वाचनालयात नोकरी झाली त्यामुळे बुरशीवर मी बोलते.

ठाणे म्हणजे दमट हवा, त्यामुळे पुस्तकं भिंतीला चिकटून ठेवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. कपाट खच्चून भरू नका. पावसाळ्यात कोरडा दिवस मिळाला की दारं उघडून पंखा लावा, पुस्तकं उन्हात मात्र घालायची नाहीत, शाई उडते आणि कागद कडकडीत होतो. सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवल्या तर त्या अधूनमधून वाळवाव्या किंवा बदलाव्या लागतात, एकदा ठेवून विसरलात तर उपयोग शून्य. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायची लोकांना सवय असते, त्याने आतली ओल आतच राहते आणि बुरशी जोमाने वाढते. डांबरगोळ्या, वेखंड ठेवायचं तर पुस्तकाला टेकवून नको, कसर मात्र त्याने आटोक्यात राहते. बुरशी आलीच तर तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसू नका, ती आत मुरते.

आता सहीबद्दल एक गोष्ट जी इथे कुणी लिहिली नाही. जुनं मराठी पुस्तक बाइंडिंगला देताना फार सांभाळा. बाइंडर पुठ्ठ्यालगतचं पहिलं कोरं पान काढून नवा कागद चिकटवतो आणि नेमकी तिथेच लेखकाने सही केलेली असते. शिवाय तिन्ही बाजूंनी कडा छाटतात, समासात लिहिलेलं अर्धं जातं. वाचनालयात अशा सह्या गेलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात आणि अजून वाईट वाटतं. म्हणून नव्या पुस्तकावर सही घेताना नेहमी आतल्या टायटलच्या पानावर घ्या, ते पान कुणी काढत नाही. गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर जेल पेन लवकर वाळत नाही, पुस्तक पाच मिनिटं उघडं ठेवा, लगेच मिटलं की समोर ठसा उमटतो. स्केचपेन नकोच, ते मागे फुटतं.

आणि वाचनालयाचा शिक्का असलेली कॉपी बाजारात दिसली तर त्यावर 'रद्द' केल्याची नोंद आहे का बघा. नसेल तर घेऊ नका, सही कितीही मोठ्या लेखकाची असो. ती कुठल्या तरी वाचकांची आहे.

रेवाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पुस्तकवाल्याकडून फोटो मागवले. आवृत्ती १९९८ च्या आधीची आहे, सही टायटलच्या पानावर आहे, फोटोत कडा पसरलेल्या दिसतायत आणि मागे निळसर सावली आहे. वाचनालयाचा शिक्का नाही. रविवारी भिंग आणि नमुन्याचे फोटो घेऊन जातोय.

अजून एक विचारतो. वेगडांची हिंदी पुस्तकं माझ्याकडे आहेत, एकावर सही पण मिळाली. गुजराती कॉपी सहीसकट एका ठिकाणी दिसतेय. मला गुजराती येत नाही. घ्यावी का? कलेक्शन मराठीपुरतंच ठेवावं असं पण कधीकधी वाटतं.

बडोदेकर_मावशी

अहो घ्या घ्या! वेगड मूळ कच्छी घरातले, जन्म आणि सगळं आयुष्य जबलपूरला, ते हिंदी आणि गुजराती दोन्हीत स्वतः लिहायचे. त्यांना साहित्य अकादमी मिळालं ते गुजराती 'सौंदर्यनी नदी नर्मदा'साठी, त्यामुळे गुजराती कॉपी काही उपरी नाही. ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले चित्रकार, पुस्तकांत घाटांची, बायाबापड्यांची, नावाड्यांची रेखाटनं त्यांचीच आहेत, ती बघायला भाषा कशाला लागते.

भाषेने कलेक्शन बांधू नका, नदीने बांधा. नदी १३१२ किलोमीटरची, त्यातला आपल्या महाराष्ट्राला नंदुरबारमध्ये जेमतेम थोडासा काठ लाभलाय, मग पुस्तकं तरी मराठीपुरती कशी पुरतील? अमरकंटकपासून मंडला, जबलपूरपर्यंत हिंदी, खाली भरूचकडे गुजराती, मध्ये निमाडी, पावरी, भिलोरी बोलणारी माणसं. आणि नर्मदेवरच्या धरणांबद्दल लिहिलेलं सुद्धा घ्या, दोन्ही बाजूंचं. वेगड १९७७ मध्ये चालायला लागले, गोनीदा त्याच्या कितीतरी आधी. त्यांनी वर्णन केलेला शूलपाणीच्या झाडीतला रस्ता, जुनं शूलपाणेश्वराचं मंदिर आता पाण्याखाली आहे, देव गोरा गावी आणून नवीन मंदिर बांधलं. हरसूद हे अख्खं गाव २००४ मध्ये इंदिरा सागर धरणासाठी उठवलं. ज्या लेखकाने तो जुना काठ पायाखालून घातला त्याच्या सहीची कॉपी म्हणूनच मला मोलाची वाटते, आता तसं चालून कुणालाच लिहिता येणार नाही.

मी माझ्या पुस्तकांबरोबर नदीचा एक मोठा नकाशा ठेवलाय, कुठलं पुस्तक कुठल्या तटाबद्दल, कुठल्या साली चाललेला माणूस, ते पेन्सिलीने टिपून ठेवते. तुम्ही पण करा, कुठला टप्पा रिकामा आहे ते लगेच दिसतं. माझ्याकडे मंडला ते डिंडोरीचा भाग अगदीच उघडा आहे, कुणाला त्या बाजूचं काही माहीत असेल तर इथेच सांगा.

आणि त्या गुजराती कॉपीच्या सहीच्या पानाचा फोटो टाका, वर काय लिहून दिलंय ते मी वाचून सांगते.