मदत हवी आहे: इटलीत शाळेची ऑगस्टमधली फेरपरीक्षा आणि गणपतीची तिकिटं

आम्ही तोरिनोला (ट्यूरिन) राहतो, मुलगा लिचेओ शेंतिफिकोच्या, म्हणजे इथल्या विज्ञानाकडे झुकणाऱ्या हायस्कूलच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. बाकी सगळं बरं चाललंय पण लॅटिनमध्ये पाच, आणि इथे पास व्हायला दहापैकी सहा लागतात. जूनच्या निकालात तेवढा एकच विषय राहिला तर नापास करत नाहीत, निकाल राखून ठेवतात आणि फेरपरीक्षा साधारण ऑगस्टअखेर, शाळा सुरू व्हायच्या आत घेतात. नेमकं गणपतीसाठी घरी जायचं पण ऑगस्टअखेरीलाच ठरलंय, तिकिटं काढून झालीयेत, बदलायची तर भुर्दंड जबर आहे.

शाळेच्या ऑफिसात विचारलं तर म्हणे तारखा नंतर लागतील, ऑनलाइन रजिस्टरवर बघत राहा. वर्गशिक्षिका म्हणाल्या आजारपण असेल तर बघू, सणाबिणाचं काही बोलल्या नाहीत. शिकवणी लावलीये, दर तोंडीच्या आदल्या रात्री पोरगा विभक्त्या पुटपुटत घरभर फिरतो, पण लेखी अनुवादात मार खातो. त्यामुळे "आत्ताच सहा पाड म्हणावं" हा सल्ला कृपया नको, ते चालूच आहे. त्याला एकट्याला इथे ठेवणंही जमणार नाही, पंधरा वर्षांचा आहे.

इटलीत ज्यांची मुलं हायस्कूलला आहेत त्यांनी सांगा, फेरपरीक्षा जुलैमध्येच उरकणाऱ्या शाळा असतात का, आणि तारीख आधी मागायची तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज निकालाआधी द्यायचा की निकाल लागल्यावर?