टूटी ऑईल : क्रँकच्या बेअरिंगला जाड तेलच हवं?

भोंगा८७ : माझी यामाहा आरएक्स १०० चौदा वर्षं साध्या मिनरल टूटीवर, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलासोबत जळणाऱ्या तेलावर, पळाली. मेस्त्री म्हणाला, सिंथेटिक घाला, धूर जाईल. धूर गेला आणि सहा महिन्यांत मेन बेअरिंगची, म्हणजे क्रँकचा दांडा ज्यावर फिरतो त्याची, घरघर सुरू झाली. माझं मत ठाम आहे. या बिनधुराच्या तेलात दम नाही, जुनं कसं चिकटून बसायचं!

चोक_ओढा : बेअरिंग चौदा वर्षांचं होतं, ते नाही मोजलंत. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये, क्रँक फिरतो त्या खोक्यात, तेल भरलेलं नसतं. पेट्रोल-हवेसोबत येईल तेवढंच, तेही पेट्रोलात पातळ झालेलं. डब्यातल्या जाडीवर जाऊ नका. चिकटपणाच हवा तर एरंडेल घाला. रेसवाले घालायचे, मग इंजिन उघडून डिंक खरवडत बसायचे.

भोंगा८७ : मग डब्यावर जासो एफडी, ती जपानी दर्जाची खूण, लिहितात ते शोभेला?

वीस_मिली : शोभेला नाही, पण तुम्ही समजता त्यासाठीही नाही. एफबी, एफसी, एफडी या जासोच्या प्रती, तिन्हींना वंगणाचा किमान निर्देशांक एकच, ९५. फरक आहे तो धूर, कार्बन आणि सायलेन्सर चोकण्यात. बेअरिंगला गंज धरेल का, हे त्यात तपासतच नाहीत. बेअरिंगसाठी एफसी-एफडीवर भांडणं फुकट आहे. तेलाची टाकी रिकामी करून नवं तेल भरलंत तेव्हा तेलपंपात अडकलेली हवा काढली होती का?

भोंगा८७ : मेस्त्रीने काढली असेल.

चेतकवाला : असेल?! आमच्या चेतकला पंपच नाही, लिटरला वीस मिली तेल पेट्रोलातच मिसळायचं. घाटात थ्रॉटल बंद करून उतरलं की पेट्रोल बंद, म्हणजे तेलही बंद. मधून मधून क्लच दाबून थ्रॉटल द्यायचो. पण मी भोंगांच्या बाजूने. जाड तेलाचा थर उभ्या गाडीतही टिकतो.

चोक_ओढा : थर टिकवतात ती गंजरोधक रसायनं, नुसती जाडी नव्हे. आणि जास्त तेल घालून बेअरिंग जपायला गेलात तर तेवढंच पेट्रोल कमी जातं, इंजिन तापतं. भोंगा, गाडी पावसाळ्यात उभी होती का? हल्लीच्या पेट्रोलातलं इथेनॉल ओल धरतं.

भोंगा८७ : जुलै ते सप्टेंबर, शेडमध्ये. काढलेलं बेअरिंग आत्ता डब्यातून काढून पाहिलं. खालच्या चार गोळ्यांवर तांबूस खड्डे आहेत, वरच्या चकचकीत. तरी सांगतो, जुन्या तेलात हे झालं नसतं.

वीस_मिली : जुन्या तेलावर तीन महिने उभी ठेवली होती कधी?

भोंगा८७ : तेव्हा रोज कामावर न्यायचो.