एकाच पूर्वजांचे लोक, दोन वेगळ्या जमिनी: असं उदाहरण कुठे सापडेल?

गोदाकाठ:
भूगोल आणि शेतीमुळे काही समाज पुढे गेले, काही मागे राहिले हा मुद्दा मला बराचसा पटतो. गहू, बार्ली, शेळ्या, मेंढ्या हे सगळं पश्चिम आशियात एकाच पट्ट्यात मिळालं, उलट अमेरिकेत माणसं पोचली त्या काळाच्या आसपास घोडे नामशेष झाले आणि ओझं वाहायला उरला फक्त लामा. 1532 मधे पेरूतल्या काहामार्काला स्पॅनिश सरदार पिझारोच्या 168 माणसांनी इंका सम्राट अताहुआल्पाला पकडलं त्याची मुळं इतकी मागे जातात. पण खंडांची तुलना करताना हवामान, लोकसंख्या, रोगराई सगळंच वेगळं, मग नेमकं कशामुळे काय झालं हे कळणार कसं? लोक एकच, फक्त जमीन वेगळी, असं काही आहे का?

खडूफळा:
आहे, चॅटम बेटं. न्यूझीलंडच्या पूर्वेला साधारण 800 किमी. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी आणि चॅटमवरचे मोरिओरी, दोघांचे पूर्वज एकच, पॉलिनेशियातून आलेले शेतकरी. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर त्यांचं रताळं पिकलं, त्यामुळे साठवण करता आली, वस्ती दाट झाली, टोळ्या टोळ्यांमधे लढाया आणि तटबंदीची गावं आली. चॅटमवर थंडीमुळे रताळं येतच नाही, म्हणून तिथे गेलेले लोक शेती सोडून सील, मासे, पक्षी, कोपीच्या झाडाची फळं यावर जगू लागले. लोकसंख्या दोनेक हजार, आणि नुनुकू नावाच्या पूर्वजाने घालून दिलेला नियम होता की भांडण झालं तरी जीव घ्यायचा नाही. लहानशा बेटावर हे शहाणपणाचंच होतं. मग 1835 मधे बंदुका घेतलेले सुमारे 900 माओरी जहाजातून आले. मोरिओरींनी सभा घेतली, तरुण लढू म्हणत होते पण वडीलधाऱ्यांनी नियम मोडायला नकार दिला. त्यानंतर शेकडो मारले गेले, उरलेले गुलाम.

निवडुंग:
उदाहरण चांगलंय, पण "भूगोलाने ठरवलं" इथे थांबू नका हो. त्या बंदुका माओरींच्या शेतीतून आल्या नव्हत्या, युरोपियन व्यापाऱ्यांकडून आल्या होत्या. आणि बटाटासुद्धा! तो मूळचा अँडीजमधला, म्हणजे तुमच्या इंकांचाच, युरोपियन जहाजांनी न्यूझीलंडला आणला, रताळ्यापेक्षा थंडी जास्त सोसतो आणि भरपूर पिकतो, त्यामुळे लांबच्या स्वाऱ्यांना शिदोरी मिळाली. 1835 ला आलेल्यांनी बियाण्याचे बटाटे सोबत आणले होते आणि ज्या बेटावर शेती होत नाही असं शेकडो वर्षं दिसत होतं तिथे ते मस्त उगवले, पुढे व्हेलच्या शिकारीला आलेल्या जहाजांना विकलेही गेले, आणि शेतात राबत होते गुलाम मोरिओरी. म्हणजे जमीन तीच, पीक बदललं की तिची किंमत बदलते.

खडूफळा:
बटाट्याचा मुद्दा मान्य. पण नवं पीक कोणाकडे आधी पोचतं हेही शेवटी जागेवरच ठरतं ना? चॅटम एका कोपऱ्यात.

निवडुंग:
पोचण्याचं मान्य, पण पुढचं नाही. 1870 मधे जमीन कोर्ट बसलं तेव्हा वसाहत सरकारच्या न्यायाधीशांनी जवळपास सगळी जमीन, 97 टक्क्यांहून जास्त, आक्रमकांना दिली. का, तर त्यांनी ती जिंकून घेतली होती! त्याआधी 1862 च्या नोंदीत जेमतेम 101 मोरिओरी उरले होते. ना थंडीने हा निकाल दिला ना रताळ्याने. नियम न मोडणाऱ्यांना आळशी, मागास ठरवणारी पुस्तकं पुढे कित्येक वर्षं शाळेत शिकवली गेली, ते वाचून मला खरंच संताप येतो.

गोदाकाठ:
हेच हवं होतं, दोघांचे आभार. म्हणजे 1835 पर्यंतची दरी भूगोलाने बरीच समजते, 1870 चा निकाल अजिबात नाही. मोरिओरी आता संपलेत का? मी तसं वाचलं होतं.

निवडुंग:
नाही, संपलेले नाहीत, ती जुनी समजूत आहे. वंशज आहेत, सरकारशी 2020 मधे करार झाला, माफी आणि जमिनीसकट, आणि 2021 मधे त्याचा कायदा झाला.