मदत हवी आहे: टेक्ससमधील तेल लीजच्या मासिक अहवालात आरंभीचा साठा जुळत नाही

नमस्कार. टेक्ससमधील मिडलंड येथे तेलविहिरी चालवणाऱ्या एका छोट्या कंपनीचे हिशेब मी पाहते. येथील विहिरींचे नियमन टेक्सस रेलरोड कमिशन करते (नाव तेच राहिले असले तरी रेल्वेचा कारभार त्याच्याकडे आता नाही). उत्पादनाचा मासिक अहवाल, म्हणजे फॉर्म पीआर, पुढच्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत द्यावा लागतो आणि त्यात तेलाचे आकडे विहिरीगणिक नव्हे, तर लीजगणिक (लीज म्हणजे तेल काढण्याच्या हक्कासाठी कराराने घेतलेले क्षेत्र; त्यात अनेक विहिरी असू शकतात) भरायचे असतात.

आम्ही अलीकडेच तीन विहिरींची एक लीज विकत घेतली. ऑपरेटर बदलण्याच्या पी-४ फॉर्मवर दोन्ही बाजूंच्या सह्या होऊन त्याला मंजुरीही मिळाली असून १ ऑगस्टपासूनचे अहवाल आमच्याकडे आहेत. आधीच्या ऑपरेटरने जुलैअखेरचा साठा ३१२ बॅरल कळवला होता. मात्र १ ऑगस्टला सकाळी सात वाजता आमच्या पंपरने (विहिरी व टाक्यांची रोजची देखरेख करणाऱ्या कामगाराने) टाकी मोजली, त्या वेळी मी स्वतः तेथे उभी होते. टेपच्या टोकाच्या पितळी वजनाला आणि त्यावरच्या टेपला त्याने पाणी दाखवणारी पेस्ट लावली आणि टेप वर ओढली, तेव्हा तळापासून २४ इंचांपर्यंत पेस्ट लाल झालेली होती. टाकी १२ फूट व्यासाची, ४०० बॅरलची असल्यामुळे इंचाला सुमारे १.६७ बॅरल धरले, तर ते ४० बॅरल पाणी होते. म्हणजे त्या ३१२ पैकी प्रत्यक्षात तेल २७२ बॅरलच होते. दुसरी टाकी रिकामी होती.

खरी अडचण यापुढे आहे. आरंभीचा साठा, अधिक उत्पादन, वजा उचल (टाकीतून विक्रीसाठी नेलेले तेल), बरोबर अखेरचा साठा, असा हा सरळ हिशेब असल्यामुळे मी आरंभी ३१२ लिहिले, तर ऑगस्टचे उत्पादन ४० बॅरलने कमी दिसेल, आणि २७२ लिहिले, तर जुलैच्या अहवालाशी मेळ बसणार नाही. फरक गळती किंवा चोरीच्या सदरात टाकावा, असे एका परिचितांनी सुचवले. पण जे तेल टाकीत कधी नव्हतेच, ते हरवले असे सरकारी कागदावर लिहिणे मला योग्य वाटत नाही. रॉयल्टीधारकांचे हिशेबही याच उत्पादनावरून तपासले जातात.

जुलैचा दुरुस्त अहवाल त्यांनी द्यावा, अशी विनंती मी आधीच्या ऑपरेटरला दोनदा लेखी केली. "तुमच्या अहवालात जुळवून घ्या," एवढेच उत्तर मिळाले.

ज्यांनी येथे असे अहवाल भरले आहेत, त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जुना ऑपरेटर दुरुस्ती करत नसेल, तर आरंभी २७२ दाखवून शेऱ्यात कारण लिहिलेले चालते का, की आधी कमिशनच्या उत्पादन विभागाशी बोलून घ्यावे? आणि पुरावा म्हणून पंपरची मोजणीवही, टेपचे छायाचित्र व ट्रकचालकांची रन तिकिटे (तेल उचलताना दिलेल्या मोजमापाच्या पावत्या) पुरतील का? मुदतीत अहवाल न गेल्यास लीजचे अनुपालन प्रमाणपत्र रद्द होऊन उत्पादन आणि तेलाची उचल दोन्ही थांबू शकतात, म्हणून ३० सप्टेंबरपूर्वी मला निर्णय घ्यावाच लागेल.