मदत हवी आहे: मेथोट्रेक्सेट चालू असताना चीक चालतो का?

सासूबाईंना (वय ६८) ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, दर रविवारी मेथोट्रेक्सेट असतं. आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारात. काल आमच्या भरवाडाची गाय व्यायली. समोरच्या मासी पहिल्या दिवसाचा चीक घेऊन आल्या, हळदीसारखा पिवळा, चमच्याला तार सुटेल असा. म्हणे, "बळी (गुजरातीत खरवस) नका करू, कच्चाच द्या दोन चमचे. इम्युनिटी वाढेल."

आता यांच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी आधीच स्वतःच्या सांध्यांवर उठल्यात, गोळी देतोय ती त्यांना आवरायला. मग वाढवायचं काय? नेटवर वाचलं की दुधातलं लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन काही पेशींना चेतवतं आणि काहींना शांतही करतं. डोकं गरगरलं. डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे. सासूबाईंचा जीव मात्र खरवसात अडकलाय. कोणी सांगेल का?

प्रतिसाद १: कच्चा अजिबात नको. ब्रुसेला (तापाचे जंतू), टीबी दोन्ही कच्च्या दुधातून येऊ शकतात, त्यात यांची प्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली. चीकातल्या अँटिबॉडीज वासराची गरज आहे. गाईच्या वारेतून त्या वासराला मिळत नाहीत, म्हणून चीक. आणि त्याचं आतडंही त्या अख्ख्या शोषतं ते साधारण पहिले २४ तास. मोठ्या माणसाच्या पोटात त्यांचं बहुतेक पचनच होतं. चेतवणं-शांत करणं बरंचसं प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर दिसलंय, दोन चमच्यांनी सांध्यात तसंच होईल असं नाही.

धागाकर्ती: आणि वाफवला तर?

प्रतिसाद १: खरवसाची वडी पडते ती कशाने? याच अँटिबॉडीज आणि व्हे (दुधाच्या निवळीतली) प्रथिनं उष्णतेने उलगडून एकमेकांत गुंततात म्हणून. वडी जमली म्हणजे त्यांचं मूळ काम जवळपास संपलं. केसिन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, त्या मानाने उष्णता सोसतं. दुधाची अ‍ॅलर्जी नसेल तर खाऊ म्हणून वडी खायला सहसा हरकत नसते, तरी गुरुवारी विचाराच.

प्रतिसाद २: मधुमेह नाही ना? गूळ बेताने. पहिल्या दिवसाचा असेल तर तेवढंच साधं दूध घाला, नाहीतर रबर होतो.

धागाकर्ती: मधुमेह नाही. तेवढंच दूध, गूळ, जायफळ घालून आत्ताच कुकरला लावलाय, शिटी काढून. झाला की फ्रीजमध्ये, गुरुवारपर्यंत सासूबाईंना नुसता वास. मासींची बरणी रिकामी कशी परत करणार, दोन वड्या त्यात जातील.