सल्ला हवा: ऊसतोड मुलांच्या वर्गासाठी २८ हजार कुठून उभे करावेत? पुरस्कारांचे अर्ज भरावेत का?

कोपीवरचा_फळा
नमस्कार. आम्ही सात जण, शिवाजी विद्यापीठाच्या एका संलग्न कॉलेजात बी.ए. आणि बी.एस्सी.ला. करवीर तालुक्यात कारखान्याच्या अड्ड्यावर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. गेल्या हंगामात तिथं संध्याकाळी मुलांना शिकवत होतो, यंदा दोन ठिकाणी करायचंय. चार्जिंगचे दिवे, फळे, पाट्या-वह्या, ताडपत्री आणि पेट्रोल धरून हिशेब २८ हजारांवर जातोय. पैसे दिवाळीच्या आत हवेत, एकदा गळीत सुरू झालं की धावाधाव जमत नाही.
विचारायचं एवढंच की विद्यार्थ्यांच्या गटाला थेट पैसे देणारं काही आहे का? आणि पुरस्कारांसाठी अर्ज करावेत का, केले तर कुठले? आमची नोंदणीकृत संस्था नाही, गटाचं बँक खातं नाही. २८ हजारच हवेत.

तालमीतला
भावा, एवढ्यासाठी अर्ज-बिर्ज कशाला? आमच्या तालमीत ये. गणपतीत डॉल्बीवर जेवढं उडतंय तेवढ्यात तुझे दहा वर्ग चालतील. फुटबॉलच्या टीमला बूट घेतोय, पोरांना पाट्या घेऊन द्यायला काय जातंय. फकस्त बॅनर लावायचा, मंडळाचं नाव आणि अध्यक्षांचा फोटो.

सीए_होणार
आधी संस्था नोंदवा. १८६० च्या सोसायटी कायद्याला सात माणसं लागतात, तुम्ही सात आहातच. मग धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, पॅन, खातं, आयकर सवलतीसाठी १२ए आणि ८०जी, कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी (सीएसआर) सीएसआर-१. एवढं झालं की कंपन्यांकडे जाता येतं. आणि २८ हजारांचा प्रस्ताव कोण वाचतो? पाच लाखांचा करा.

कोपीवरचा_फळा
पाच लाखांचं आम्ही काय करू? अड्ड्यावर पन्नास-साठ मुलं असतात.

सीए_होणार
प्रोजेक्टर, लॅपटॉप, व्हॅन. विचार मोठा ठेवा.

करवीरकर_काका
महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीचा फॉर्म भरा. माझ्या पुतण्याला मिळाली.

नुसतं_वाचतो
काका, ती स्वतःच्या फीसाठी असते. ते दुसऱ्यांच्या पोरांसाठी विचारतायत.

फेटा_शाल_नारळ
पुरस्कारांबद्दल सांगतो. आमच्या मेव्हण्याला फोन आला की "राष्ट्रीय पातळीवर तुमची निवड झाली आहे". पाठोपाठ नोंदणी शुल्क साडेतीन हजार, सोबत येणाऱ्याच्या जेवणाचे वेगळे. हॉलमध्ये बघतो तर मेव्हण्यासारखी शंभरेक रत्नं फेटे बांधून रांगेत बसलेली. ट्रॉफीवर आडनाव चुकलेलं, ते दुरुस्त करायचे पुन्हा तीनशे. जो पुरस्कार आधी पैसे मागतो त्याच्या वाटेला जाऊ नका.

रंकाळा_वॉकर
पुरस्कार हवाच कशाला मुळात? २०१९ च्या महापुरात आम्ही बोटीतून माणसं काढली, जेवण वाटलं, पूर ओसरल्यावर गाळ उपसला. कुणी एक प्रमाणपत्र मागितलं नाही. हल्ली आधी फोटो, मग सेवा.

तालमीतला
वॉकरसाहेब, तुमचे बोटीतले फोटो अजून डीपीला हायत.

रंकाळा_वॉकर
तो फोटो दुसऱ्यानं काढलाय.

जुना_रासेयोवाला
बरीच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) कार्यक्रम अधिकारी होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. विद्यार्थ्याच्या हातात रोख पैसा जवळजवळ कुणी देत नाही. तो येतो कॉलेजच्या किंवा संस्थेच्या नावावर आणि पावत्यांवर सुटतो. त्यामुळे "कोण देईल" हे शोधण्याआधी "कुणाच्या खात्यावर घेऊ" हे ठरवा.
वर सीएसआरचं सांगितलंय, ते अर्धवट आहे. कंपनीचा निधी घेणाऱ्या संस्थेकडे सहसा तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. म्हणजे आज नोंदणी केलीत तर पैसे यायच्या वेळी ही मुलं पदवी घेऊन नोकरी शोधत असतील.
तुम्हाला जमेल ते असं. रासेयोच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, ते या वर्गावर भरता येतील का हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा. सात दिवसांचं विशेष शिबिर त्याच गावात घ्यायला लावा. शिबिराचा निधी शिबिरालाच वापरायचा असतो, पण ताडपत्री आणि फळा काही आठव्या दिवशी विरघळत नाहीत. कॉलेज उन्नत भारत अभियानात असेल तर त्यांनी किमान पाच गावं दत्तक घेतलेली असतात, तुमचं गाव त्यात आहे का बघा. नव्या अभ्यासक्रमात समुदाय सहभाग प्रकल्पाला क्रेडिट आहेत. हाच वर्ग प्रकल्प म्हणून द्या, म्हणजे दुहेरी काम वाचेल.
पुरस्कारांचं म्हणाल तर जिल्हा युवा पुरस्कार खरा आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून जाहिरात निघते, वय १३ ते ३५, व्यक्तीला दहा हजार. पण फाईल जाडजूड लागते, कात्रणं, पत्रं, फोटो सगळं. राष्ट्रीय युवा पुरस्कार १५ ते २९ वयासाठी, तो तुम्हाला अजून लांब आहे. इंग्लंडचा डायना अवॉर्ड ९ ते २५ वयाला असतो. त्यात पैसे नाहीत आणि स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही, पुढे परदेशी शिकायला जाणाऱ्याला कामाचा. आविष्कार ही संशोधनाची स्पर्धा. मुलांच्या शाळागळतीची नीट पाहणी केलीत तर मानव्यविद्या गटात उतरता येईल, फक्त पोस्टर छापायचा खर्च उलट तुमच्याच खिशातून जातो.

सीए_होणार
तीन वर्षांचं मी पुढच्या पोस्टमध्ये सांगणारच होतो.

पुण्यात_अडकलेला
माझा रूममेट अमेरिकेत आहे. तिथल्या मराठी लोकांकडून डॉलर गोळा करू, तुझ्या खात्यावर मारतो.

नुसतं_वाचतो
परकीय नागरिकांकडून देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. एका पोराच्या बचत खात्यावर असलं काही मागवू नका, आफत येईल.

दिवेवाला
दिवे कुठले घेताय? सोलरचे घेऊ नका. कारखान्याच्या काजळीनं पॅनेल काळं पडतं, संध्याकाळी सातलाच मान टाकतात. लिथियम बॅटरीचे घ्या, कॉलेजात चार्ज करून न्या.

करवीरकर_काका
सोलर उत्तम. माझ्या गच्चीवर आहे, बिल शून्य.

दिवेवाला
काका, गच्ची आणि कोपी यांत फरक आहे.

करवीरकर_काका
सूर्य एकच आहे.

(यापुढे या दोघांनी वॅट, अँपिअर आणि सबसिडीवर जे लिहिलं ते दिव्यांच्या धाग्यावर हलवलं आहे. संपादक)

बीडची_लेक
सगळं वाचलं. मी अशाच कोपीत वाढले. आई-बाप पहाटे फडात गेले की धाकट्या भावाला सांभाळायचं, दुपारी वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायचे. आता कोल्हापुरातच एम.एस.डब्ल्यू. करते आहे.
दिव्यांच्या आधी एक काम करा. ही मुलं गावाकडून निघताना त्यांच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. ते दाखवून अड्ड्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसता येतं. कार्ड नसलं, दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे. पहिल्या आठवड्यात मुकादमाला बरोबर घेऊन वयाप्रमाणे याद्या करा आणि मुख्याध्यापकांना भेटा. याला एक रुपया लागत नाही. संध्याकाळचा वर्ग त्याला जोड म्हणून ठेवा. तुम्ही मार्चपर्यंत शिकवाल, पण पोर गावी परतल्यावर हजेरीपटावर नाव नसलं तर शाळा त्याला पुन्हा गळालेलाच धरते. आणि दहा-बारा वर्षांच्या मुली तान्ह्या भावंडांना घेऊनच येतील, त्यांना परत पाठवू नका.
बॅनर आणि पुरस्काराच्या फाईलसाठी मुलांचे चेहरे वापरू नका. माझा एक तसला फोटो कुणाच्या तरी अहवालात अजून असेल. मला कुणी विचारलं नव्हतं.

तालमीतला
ताई, बरोबर बोललात. बॅनर कॅन्सल. अध्यक्षांशी बोलतो.

फेटा_शाल_नारळ
पुन्हा सांगतो, पैसे मागणारा पुरस्कार घेऊ नका.

कोपीवरचा_फळा
सगळ्यांचे आभार, विशेषतः ताईंचे. यादी आणि शाळेचं आम्हाला सुचलंच नव्हतं. मुख्याध्यापक "आधी याद्या आणा, मग बघू" म्हणालेत, म्हणजे अगदीच नाही म्हणालेले नाहीत.
कॉलेजात विचारलं, शिबिराचं गाव आधीच ठरलंय. उन्नत भारतच्या यादीतही आमचं गाव नाही. तालमीचे अध्यक्ष बॅनरशिवाय तयार होईनात. प्रकल्पाच्या क्रेडिटला मात्र सर हो म्हणाले.
मग आमचं असं ठरलंय की देणगी कुणाकडूनच घ्यायची नाही. गटातल्या एकाच्या मामाचं गुऱ्हाळ आहे. तिथून गूळ आणि काकवी उधारीवर उचलायची आणि दिवाळीआधी हॉस्टेलांवर आणि सोसायट्यांत विकायची. २८ हजार नाही सुटले तर एकाच ठिकाणी वर्ग घेऊ. जिल्हा युवा पुरस्काराची फाईल एक जण करतोय, बाकी सहा त्याला हसतायत.

सीए_होणार
देणगी सोडून धंदा? अन्न परवाना काढलाय का? किलोमागे मार्जिन किती? मी अजूनही सांगतो, संस्था नोंदवा.

जुना_रासेयोवाला
गुळात उधारी वसूल होत नाही, अनुभवाचे बोल. पण ठरवलंच असेल तर दहा किलो माझ्याकडे धाडा, रोखीनं.

रंकाळा_वॉकर
केमिकलचा गूळ नको. पिवळाधमक दिसला की समजायचं. काळपट असेल तर पाच किलो.

बीडची_लेक
याद्या करायला मी रविवारी येते. मुकादमाशी मी बोलेन, बहुतेक आमच्याच भागातला निघेल.

मोठ्या_पडद्यावर
सगळा धागा वाचला नाही, पण विषय आवडला. माझ्याकडे वापरलेला प्रोजेक्टर पडून आहे, १८ हजार, थोडं कमी-जास्त होईल. कोपीवर मुलांना गोष्टी दाखवा. घेणार का?

कोपीवरचा_फळा
दादा, तिथं लाईट असती तर दिव्यांचा हिशेब कशाला मांडला असता? गूळ किती किलो लिहू तुमच्या नावावर?