पान पिवळं पडलं की आधी काय बघता?

कुंडीतलं लहान रोप मलूल दिसलं की हात आपसूक झारीकडे जातो. माझाही जायचा. तुमची रोपं कशानं गेली, कशानं वाचली, ते इथे लिहा. एक विनंती आहे. पान नवं होतं की जुनं आणि माती हाताला कशी लागत होती, हे जरूर सांगा. नुसतं 'पानं पिवळी पडली' यावरून काहीच कळत नाही.

सुरुवात मी करते. फांदीपासून रुजवलेली जास्वंद होती, वीतभर उंच. जोमात वाढतेय म्हणून एकदम बादलीएवढ्या कुंडीत हलवली. पंधरवड्यात खालची पानं पिवळी पडली, शेंड्यानं मान टाकली. उन्हाचे दिवस, तहानली असेल असं वाटून दोन्ही वेळा पाणी घातलं. ती आणखीच मलूल झाली. शेवटी रोप उपसलं तर मातीला आंबूस वास येत होता. मुळं तपकिरी झालेली, चिमटीत धरून ओढली की साल हातात यायची आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरायचा. एवढ्याशा मुळांना एवढ्या मातीतलं पाणी संपवता येत नव्हतं. माती सतत ओली, त्यामुळे मुळांना हवा मिळेना, ती कुजली, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. भिजलेल्या मातीत उभी राहून माझी जास्वंद तहानेनं सुकत होती, हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. कुजकं सगळं कापलं, पांढरी तीन-चार मुळं ठेवली, छोट्या कुंडीत भुसभुशीत मातीत लावून सावलीत ठेवली. दोन पानं सोडून बाकीची गळली. महिन्यानं कोंब आला.

*

माझं नेमकं उलट झालं. मिरचीच्या रोपांना रोज पाणी घालत होतो, तळातून निथळतानाही दिसायचं. तरी पानांच्या कडा कुरकुरीत. कुंडी उचलली तर रिकामी असल्यासारखी हलकी! बोट खुपसलं, वरचा थर ओला आणि खाली भुगा. कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) मिश्रण एकदा पूर्ण सुकून आक्रसलं होतं, कुंडीच्या कडेला फट पडली होती आणि सगळं पाणी त्या फटीतून निसटत होतं. कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवली, वरची माती खालून ओली होईपर्यंत. संध्याकाळी पानं ताठ. आता पाणी घालण्याआधी कुंडी उचलून बघतो. भरलेल्या आणि सुकलेल्या कुंडीचं वजन आठवड्याभरात हाताला पाठ होतं.

*

भर दुपारी टोमॅटोची पानं लोंबतात आणि ऊन उतरलं की आपली आपण उभी राहतात. तेव्हा माती ओली असेल तर पाणी घालू नका. सकाळीही लोंबलेलीच असतील तर मात्र लगेच माती तपासा.

*

लिंबाच्या रोपाची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्यागार, अगदी जाळी काढल्यासारख्या. मी शेणखत घालत राहिले, फरक शून्य. नत्र कमी पडलं तर रोप ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवतं, म्हणून आधी खालची पानं सरसकट पिवळी होतात. लोह असं हलवता येत नाही, त्यामुळे त्याची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते. पाणी जड आणि माती विम्लधर्मी (आम्लधर्मीच्या उलट) असेल तर मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, दिल्यावर पुढची पानं हिरवी आली. शिवाय माती सतत चिंब असली तरीही असंच दिसतं, म्हणून तेही आधी बघा.

*

पानांवर बारीक फिकट ठिपके, जणू कुणी सुईनं टोचलंय. मी पाण्याचा दोष समजत होते. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली, तर धुळीएवढे कण पडले आणि चालू लागले! लाल कोळी. पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं दर दोन-तीन दिवसांनी धुतली, तेव्हा आटोक्यात आले.

*

निचऱ्यासाठी तळाशी खडी घालणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, घालू नका. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. खडीच्या वर ओला थर साचतो, म्हणजे चिखल उलट मुळांजवळ येतो. भोक मोकळं ठेवा आणि माती सैल करा. बशीत साचलेलं पाणीही ओतून द्या.

*

माझा मोगरा अजून आजारी आहे. पानांची टोकं तपकिरी, बाकी पान हिरवं. माती ना सुकी ना चिंब. कीड नाही. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरट पापुद्रा आलाय, वरच्या थरावरही. खत दर आठवड्याला देते.

*

क्षार साचलेत. तो पांढरा थर खरवडून काढा. मग साधं पाणी सावकाश ओता, कुंडीच्या मापाच्या दोन-तीन पट, आणि सगळं निथळून जाऊ द्या. खत महिनाभर बंद.

*

काल धुऊन काढली. पहिलं निथळलेलं पाणी चहासारखं होतं, शेवटचं जवळपास स्वच्छ. जळलेली टोकं हिरवी व्हायची नाहीत, ती तशीच राहू देते. शेंड्याला दोन पानं उलगडतायत, त्यांच्या टोकांकडे रोज सकाळी बघतेय. आठवड्यानं इथेच लिहीन.